मासे ताजे होते

१० नोव्हेंबर, सोमवार

माझ्या गुडघ्याच्या गोळ्या जागेवर नाहीत! खोकल्याची बाटली नाही, गोचिडाचं औषध नाही, फिनेल नाही. सकाळपासून घर पालथं घातलं. शेवटी सापडलं सगळं ओसरीवर. नात बाटल्यांचा बाजार मांडून मधोमध बसलेली. बारावीला आहे म्हणून राजनंदिनीला कुणी काही बोलायचं नाही, असा ज्ञानेश्वरचा हुकूम. तो तिचा बाप. मी त्या बापाची आई. मी बोलले.

"नंदे, त्या गोळीबिगर मला उठता येत न्हाई, आन् तू तिचा कागद वाचत बसलीस व्हय?"

क्लासच्या सरांनी सांगितलंय म्हणे. घरातल्या वस्तूंवर इंग्रजीत काय धोका लिहिलाय तो शोधायचा आणि त्यावरून दहा वाक्यं करायची. कशानं काय वाईट होतं, किंवा होऊ शकतं, ते इंग्रजीत कसं म्हणतात याचा धडा आहे. 'मे कॉज' म्हणजे यानं अमुक होऊ शकतं. 'कॅन लीड टू' म्हणजे आज नाही, पण पुढं जाऊन त्यातून ते निघू शकतं. 'लाइकली टू हार्म' म्हणजे बहुतेक इजा होणारच.

"माझ्या गोळीवर काय लिवलंय?"

"पोटात आग होऊ शकते. चक्कर येऊ शकते. झोप येऊ शकते."

"यातलं नक्की काय हुतं?"

"नक्की नसतं गं आजी. शकते."

दोन वर्षं खातेय ती गोळी. मला नुसती तहान लागते. तेवढंच लिहिलेलं नाही.

११ नोव्हेंबर

गोळ्या मिळाल्या. त्यांचा कागद मिळाला नाही. तो वहीत चिकटवलाय!

१२ नोव्हेंबर, बुधवार

सहा वाक्यं झाली. मी लसूण सोलत होते, ती मोठ्यानं वाचत होती. आधी इंग्रजी, मग माझ्यासाठी मराठी. फिनेल पोटात गेलं तर जिवाला अपाय होऊ शकतो. गोचिडाचं औषध डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते.

मी म्हटलं, यात माणूस कुठाय? झाकण उघडं कुणी टाकलं? औषध पोराच्या हाताला लागंल असं कुणी ठेवलं?

"माणूस नसतो त्यात. वस्तू पुढं, मग 'मे', मग काय वाईट होतं ते. वस्तूच करते सगळं."

बरंय की इंग्रजांचं. बाटली गुन्हेगार, घरातले सगळे मोकळे.

मग आपलं आठवून बघितलं. आपण म्हणतो, बाधलं. वांगं बाधलं, शिळं बाधलं, वारं बाधलं. त्यातही वाढणारी बाई कुठं दिसत नाही. म्हणजे सगळे सारखेच. हे नंदीला सांगितलं नाही. उगाच शेफारेल.

सुनेनं, रेश्मानं, आतून आवाज दिला, "आत्याबाई, करू द्या की तिला अभ्यास." मी तिचा अभ्यासच करत होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चंद्री व्याली! कालवड झाली.

माझ्या हिशेबानं अजून वीस दिवस होते. महाशिवरात्रीला गाय भरवली होती, ते दिवस मी बोटांवर मोजत आले. पण कालवड काही कमी दिवसांची वाटत नाही. अंगावर केस पुरे, दात पुरे, अर्ध्या तासात उभी राहिली. मनात आलं, हिचे दिवस भरलेत. मग वार पडायची वाट बघण्यात ते मागं पडलं.

चीक भरपूर निघाला. कालवडीला पोटभर पाजला. डेअरी पहिले काही दिवस दूध घेत नाही, त्यामुळे उरलेला सगळा घरात. गूळ, वेलदोडा, जायफळ घालून कुकरला खरवसाचे दोन घाणे लावले. खरवस आधी बाहेर जातो, मग आपल्या ताटात. समोरच्या मुबारकबीकडे पहिला, मग बाकीच्या तीन घरी. मी या घरात नांदायला आले तेव्हापासून असंच आहे. तिची शेळी असली तरी तिला माझ्या गाईचा लागतो.

डबा घ्यायला तिची सून आली, अरफा. परवेझची बायको. आठ महिने झाले लग्नाला, माहेर श्रीगोंद्याकडे. हळू बोलते, पण कामाला वाघीण.

"अम्मी जरा आडव्या झाल्यात, आजी. द्या माझ्याकडं."

"तिला म्हनावं, एकटीनं संपवू नगं."

आतून आवाज, "ऐकू येतंय गं मला, चांगुणा! यंदा गूळ तरी नीट घातलास का?"

"मागल्या साली भांडं चाटून पुसून दिलं हुतंस की!"

अरफा पदराआड हसली. तिच्या घरात मासे तळल्याचा वास येत होता.

१४ नोव्हेंबर

मुबारकबीला सकाळी दवाखान्यात नेलं. तोंड सुजलं, श्वास घेता येईना. परवेझनं कांद्याच्या गोण्या रस्त्यावरच उतरवल्या आणि छोट्या हत्ती टेम्पोत तिला आडवी घालून नेलं. आणखी काही ठाऊक नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वाचली. परवेझ कपडे न्यायला आला होता, त्याच्याकडून कळलं. ओठ वांग्याएवढे झाले होते. अंगभर गांधी उठल्या. नळी लावली, सुया दिल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर. पुढं बोलले नाहीत.

डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय खाल्लं? भाकरी, रात्रीचे मासे, चहा, खरवस. "दूध रोज पिता?" "रोज." "मग ते नाही." भाकरी, चहा सगळ्यांनीच घेतला होता. राहिले मासे.

मासे अरफानं आणले होते, कोल्हारच्या पुलावरून. रात्री केले, सकाळी तव्यावर गरम करून सासूला वाढले. आता नगरहून मुबारकबीची नणंद आलीय. ती ओट्यावर बसून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलते. "सस्त्यातले शिळे मासे उचलले असतील. सासू नकोशी झाली असंल! आठ महिन्यांत पोरीनं रंग दाखवला."

अरफा भांडी घासत होती. एक पातेलं किती वेळ घासावं!

१६ नोव्हेंबर, रविवार

हे नीट लिहिते.

नंदीची नऊ वाक्यं झाली होती. दहावं मिळेना म्हणून गोठ्यात गेली आणि तिथल्या कोनाड्यातून एक खोका घेऊन आली. ट्यूबांचा खोका. गाय आटवतो तेव्हा, म्हणजे व्यायच्या दोन महिने आधी दूध बंद करतो तेव्हा, गहिनीनाथ तिच्या चारी सडांत एकेक ट्यूब सोडतो. कास नासू नये म्हणून. गहिनीनाथ म्हणजे आमचा जनावरांचा डॉक्टर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्रीला सोडल्या होत्या.

नंदी वाचायला लागली. 'मे कॉज' आलं तशी खूश झाली. मग मराठीत सांगितलं: ज्या माणसांना पेनिसिलीन चालत नाही, त्यांना यानं अंगावर सूज, गांधी, श्वासाचा त्रास होऊ शकतो.

माझ्या हातात कडबा होता. तो खाली ठेवला.

मुबारकबीच्या पायात खिळा गेला होता त्याला पंधरा वर्षं झाली असतील. सरकारी दवाखान्यात सुई दिली आणि हिचं तोंड सुजलं. सोबत मीच होते. डॉक्टरांनी तिच्या कार्डावर लाल शाईनं लिहून दिलं आणि तो शब्द तिच्याकडून पाठ करून घेतला. तेव्हापासून कुठल्याही दवाखान्याची पायरी चढली की आधी म्हणते, "पेनिसिलीन चालत न्हाई मला." डॉक्टरला सांगते. खरवस वाढणाऱ्या बाईला कोण सांगेल?

म्हटलं, पुढं वाच.

ट्यूब सोडल्यापासून पन्नास दिवसांच्या आत गाय व्याली, तर तिचा चीक आणि दूध काही दिवस माणसानं खाऊ नये. नंदीनं मोबाईलवर दिवस मोजले. एक्केचाळीस.

"आजी, आपण पण खाल्ला ना?"

"खाल्ला."

"मग आपल्याला काही नाही झालं?"

"आपल्याला ती सुई चालती."

तिनं वाक्य वहीत उतरवलं. दहा झाली.

गहिनीनाथला फोन लावला. म्हणतो, "काय होत न्हाई मावशी. एवढा शिजवल्यावर काय ऱ्हातं त्यात? आन् वाटीभर तर खरवस!"

"ऱ्हात न्हाई, का ऱ्हाऊ शकत न्हाई? एक काय ते सांग."

"तुमी बी क्लास लावला का काय?" असं म्हणून हसला. पण एक काय ते सांगितलं नाही.

ज्ञानेश्वरला सांगितलं. त्यानं खोका माझ्या हातातून घेतला, उलटा-सुलटा केला.

"आई, हे घराच्या भायेर जाता कामा न्हाई. डेअरीनं आपलं दूध बंद केलं तर या चार गाई कुनाच्या दारात बांधू?"

"आन् अरफाचं काय?"

"मासे बी असू शकत्यात की."

शकत्यात! बापलेकीचा एकच धडा चाललाय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दवाखान्यात गेले. एसटीनं. मुबारकबीची सूज उतरलीय, आवाज घोगरा झालाय. मला बघून म्हणते, "मेले न्हाई. वाईट वाटलं आसंल तुला."

"जागा आडवून बसलीयस. मला वाटलं, मला मिळंल खाट."

नणंद उशाशी बसून संत्रं सोलत होती. एक फोड मला दिली. मग परत सुरू: पोरीचा बाप आलाच पाहिजे, चार लोकांत बसलंच पाहिजे, हिच्या हातचं पाणीसुद्धा आता नको. मुबारकबीनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मग माझ्याकडं वळून म्हणते, "तुझा निम्मा खरवस हाय अजून फ्रिजात. पोरीला सांगून ठिवलंय, हात लावायचा न्हाई. उद्या सोडत्यात मला. गेल्या गेल्या खानार."

तेव्हा सांगायचं होतं. नणंद होती, दोन परिचारिका होत्या, शेजारच्या खाटेवर कोण कुठली बाई कान लावून होती. मी म्हटलं, पाणी भरून आणते. पाणी आणलं आणि निघाले.

गावात उतरले ती घरी न जाता आधी समोर गेले.

"अरफा, खरवसाचा डबा दे."

"त्यात आहे आजी अजून."

"आंबला आसंल. दे."

भरला डबा कुणी परत मागत नाही. रिकामासुद्धा मागत नाही, त्यांच्या घरून काहीतरी घालून येतो तेव्हाच घ्यायचा. पोरीनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि डबा आणून दिला. उकिरड्यात खड्डा केला, खरवस ओतला, शेण लोटलं, वरून पाय दिला. कुत्र्याला घालता आला असता. घातला नाही. कुणी पाहिलं नाही.

मुबारकबीच्या जिवाचं मिटलं. अरफाचं तसंच राहिलं. कामाचा अर्धा भाग उरकलाय.

१८ नोव्हेंबर

मुबारकबी घरी आली. उंबऱ्यातून खरवस मागितला. इथपर्यंत ऐकू आलं.

अरफा म्हणाली, "माझ्या हातून सांडला, अम्मी."

नणंदेनं तिला त्यावरून तोंडानं आणखी झोडपली. आंबला म्हणायचं सोडून सांडला का म्हणाली कोण जाणे! मी तसं सांगितलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अरफाचा बाप आला. शिलाईकाम करतो, बोटाला सुयांचे वण. ओट्यावर बसवलं, चहा दिला, तो त्यानं घेतला नाही. नणंद बोलली, नणंदेचा नवरा बोलला. परवेझनं नुसती मान हलवली. मुबारकबी आत पडून होती. ठरलं असं की पोरीनं काही दिवस माहेरी राहावं. किती दिवस ते कुणी बोललं नाही. असे काही दिवस कसे असतात ते मला माहीत आहे. माझी धाकटी बहीण अशीच काही दिवसांसाठी माहेरी आली होती. अकरा वर्षं राहिली, तिथंच वारली.

मी गोठ्यात शेण भरत होते. अरफा बॅग घेऊन वाट वाकडी करून गोठ्याशी आली.

"आजी, मासे ताजे होते. मी पण खाल्ले. ह्यांनी पण खाल्ले."

"जपून जा," म्हटलं.

ती थोडी थांबली. मी पाटीत शेण भरत राहिले. मग ती गेली. बाप-लेक माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसले.

२० नोव्हेंबर

दोनदा समोरच्या उंबऱ्यापर्यंत गेले. दोनदा परत आले. रेश्मानं विचारलं, काय झालं आत्याबाई? म्हटलं, गुडघा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नंदीची वही तपासून आली. दहाही वाक्यं बरोबर. दहाव्याला सरांनी चांदणी काढलीय. वर सांगितलंय, आता अशीच दोन वाक्यं स्वतःच्या मनानं कर. तिनं एक केलं आणि मला वाचून दाखवलं: आमचा खरवस शेजारणीला इजा करू शकतो.

"शकतो कशाला? केली की."

"आजी, झालेल्या गोष्टीचा धडा वेगळा आहे."

"तो कधी शिकिवनार?"

"माहीत नाही. परीक्षेला याच्यावर जास्त येतं."

मग वहीकडं बघतच म्हणाली, "आजी, अरफावहिनीला परत आणणार ना?" मी म्हटलं, दिवा लाव. कातरवेळ झाली.

दुपारचं लिहायचं राहिलं. गहिनीनाथ चंद्रीला बघायला आला होता. त्याला मी गोठ्यातच धरला. म्हटलं, तू डॉक्टर, ट्यूबा येवढ्या उशिरा का सोडल्यास? दिवस मोजायचं काम कुनाचं?

त्याचं तोंड उतरलं. पण बोलला खरं.

"मावशी, वैशाखात हात घालून तपासली तवा काय म्हनलो हुतो तुमाला? गाय आदी रथसप्तमीला भरवली तवाच गाभण ऱ्हायली. महाशिवरात्रीला माजावर आली ती खोटी. गाभण गाय बी एखादी येती अशी. तुमी काय म्हनल्या?"

मी काय म्हटलं ते मला आठवतं. म्हटलं होतं, तू जन्मायच्या आदीपासनं मी गाई धरती. दुसऱ्यांदा माजावर आली म्हणजे पहिल्यांदा ऱ्हायली न्हाई. महाशिवरात्रीपासनंच धरायचं. चार लोक उभे होते तेव्हा गोठ्यात. तोही हसला होता आणि मी म्हटलं तीच तारीख त्यानं त्याच्या वहीत लिहिली.

त्याचा हिशेब धरला असता तर ट्यूबा वीस दिवस आधी पडल्या असत्या. चीक स्वच्छ निघाला असता.

पाच दिवस मी त्याला मनातल्या मनात शिव्या देत होते. त्या परत घेतल्या. तोंडावर नाही घेतल्या.

"मी कुनाला सांगनार न्हाई, मावशी," म्हणाला जाताना.

तेच तर सगळे म्हणतायत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं.

खोका घेऊन गेले. मुबारकबी बाजेवर बसून तांदूळ निवडत होती. परवेझ जेवत होता. नणंद काल नगरला गेली, ते बरं झालं. नसती गेली तरी आज जाणारच होते. असं म्हणायला आता सोपं आहे.

खोका बाजेवर ठेवला आणि उभ्यानंच बोलले. गाईच्या सडात औषध होतं. ते तुला न चालणारं. चिकात उतरलं. तो चीक शिजवून मी तुला धाडला. गाईचे दिवस मीच चुकीचे मोजले, डॉक्टरनं सांगून ऐकलं नाही. माशांचा काही संबंध नाही.

मागून ज्ञानेश्वर धावत आला. त्याला रेश्मानं सांगितलं असणार. "काकी, तसं नक्की काय न्हाई. आई उगा जिवाला लावून घेती. डॉक्टरला इचारा पायजे तर."

परवेझनं उष्ट्या हातानं दवाखान्यातल्या डॉक्टरला फोन लावला, मोठ्या आवाजावर. डॉक्टरनं दोनदा विचारलं, ट्यूबचं नाव काय, गाय किती दिवसांनी व्याली. मग म्हणाला, "असू शकतं. पण आता नक्की सांगता येणार नाही."

"बघा!" ज्ञानेश्वर म्हणाला. "शकतं म्हनले. म्हंजे नसू बी शकतं."

एवढंसं ते शकतं, आणि त्याच्या आडोशाला किती माणसं मावतात! मुलगा मावला, गहिनीनाथ मावला, आता डॉक्टरही. माझ्यापुरती जागा होती, नाही असं नाही. सहा दिवस मी तिथंच उभी होते.

म्हटलं, "ज्ञानेश्वर, तू घरी जा." तो गेला नाही, उंबऱ्याबाहेर जाऊन थांबला.

मुबारकबीनं सूप खाली ठेवलं.

"कदीपासनं ठावं हाय तुला?"

"रविवारपासनं."

"सोमवारी माझ्या उशाशी बसली हुतीस."

"बसले हुते."

"बुधवारी पोरीला धाडली."

"व्हय."

"तू शेण काढीत हुतीस. मी खिडकीतनं बघितलं."

तिनं सूप परत मांडीवर घेतलं. खडे निवडत राहिली. दोन-तीन निघाले, ते खिडकीतून बाहेर टाकले.

"मला जिवानिशी घालवली असतीस तरी मी एक वेळ बोलले नसते, चांगुणा. तुला ठावं नव्हतं. पन त्या पोरीचं तुला ठावं हुतं." मग परवेझकडं वळली. "तू बी नंदीबैलासारखा मान हलवत बसलास. ऊठ. सकाळी गाडी काढ, तिला घिऊन ये. आन् तू जा आता आपल्या घरी."

दुसरं वाक्य मला होतं. आले.

ज्ञानेश्वर माझ्याशी बोलत नाही. रेश्मानं ताट आणून दिलं, समोर बसून राहिली. जेवले. भूक लागली होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

परवेझ दिवस मावळायला परत आला. गाडी रिकामी. अरफा आली नाही.

तिनं काय सांगितलं ते त्यानं माझ्या दारात उभं राहून, मान खाली घालून, सांगितलं. "आजीनं खरवस उकिरड्यात पुरला, वर पाय दिला, ते मी गच्चीवरून बघितलं. तेव्हाच कळलं होतं मला. त्यांचं नाव निघू नये म्हणून सांडला म्हणाले. मला वाटलं आज सांगतील. मग वाटलं, अब्बांसमोर सांगतील. गोठ्याशी थांबले तेव्हा तर वाटलंच होतं."

म्हणजे सोमवारपासून तीही जाणून होती. दोघी समोरासमोर उभ्या राहिलो, दोघींना ठाऊक. मी म्हटलं, जपून जा.

उद्या सकाळी परवेझच्या गाडीत मी श्रीगोंद्याला जाणार. पोरीनं यावं की नाही ते तिचं ती ठरवेल, मी आणायला जात नाहीये, सांगायला जातेय. तिच्या बापाला ज्यांनी ज्यांनी माशांवरून विचारलं त्या सगळ्यांना त्यानं त्याच्या ओट्यावर बोलवावं, असा निरोप दिलाय. ज्ञानेश्वरनं सोबत यायचं नाही. गहिनीनाथचं नाव कुणी काढायचं नाही. मुबारकबीनं फोन करून मध्ये पडायचं नाही. लोक परवेझला विचारतील, त्यानं तोंड उघडायचं नाही. काय विचारायचं ते मला विचारायचं आणि उत्तर मीच द्यायचं.